तिसऱ्या दिवसाची परीक्षा

‘घोडामैदान जवळच आहे’ असे आपण वादाच्या भरात सहज म्हणून जातो. ज्याला आपल्या शब्दाची खात्री आहे त्याने मैदानात उतरावे, म्हणजे खरे-खोटे आपोआप कळेल, असा त्या म्हणण्याचा अर्थ. शाळेत असताना आणि शाळा सोडल्यावर पहिल्या वर्षी मला या म्हणीतील घोडा व मैदान या दोहोंचाही प्रत्यक्ष सहवास लाभला. त्यावरून इतके मात्र सांगता येईल की, मैदानात खरे-खोटे कळते हे खरे असले, तरी ते दर वेळी फलकावरील आकड्यांवरूनच कळते असे नाही. मराठीच्या बाईंनी यंदाच्या वार्षिकासाठी ‘तुझ्या त्या घोडदौडीविषयी चार शब्द लिही’ असे सुचविले, तेव्हा हाच एक विचार विद्यार्थी-मित्रांपुढे ठेवावा असे मनात आले.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांस घोडा परका नसावा. हा भागच मुळी १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून वसला. त्याचे नावच ते सांगते. आमचा कोणी पूर्वज शिंद्यांच्या पागेत बारगीर होता, असे आजोबा मोठ्या अभिमानाने सांगतात. लहानपणी मला तो शब्द काही फारसा भारदस्त वाटत नसे, कारण इतिहासाच्या पुस्तकात शिलेदार आणि बारगीर हे दोघे शेजारी शेजारी येतात आणि त्यांत शिलेदारच मोठा वाटतो. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. बारगिरास घोडा सरकारातून मिळे. आजोबा मात्र म्हणत, “अग, स्वतःची वस्तू कोणीही जपतो. दुसऱ्याची वस्तू जपणे ही खरी चाकरी.” शिवछत्रपतींच्या घोडदळात पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार असे आणि त्यांच्याबरोबर एक पखालजी व एक नालबंद दिलेला असे. म्हणजे पाण्याची आणि नालांची तरतूद आधी, तलवारीची गोष्ट मागाहून. चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांस महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि वैरण आधीच उधळलीत, तर पुढे घोडी उपासमारीने मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, अशी त्यांत स्पष्ट ताकीद आहे. घोड्याच्या मरणाचा दोष दैवावर न टाकता जबाबदार माणसावर ठेवणारे हे पत्र मी शाळेत वाचले, तेव्हा त्याचा माझ्याशी पुढे काही संबंध येईल असे वाटले नव्हते.

मीही बारगीरच. घोडा विकत घेऊन पोसावा अशी आमच्या घरची परिस्थिती नव्हती, आजही नाही. शहराबाहेरील एका अश्वारोहण शाळेत आठवड्यातून दोन दिवस जाण्याची परवानगी बाबांनी दिली, तीही वार्षिक परीक्षेचे गुण कमी होणार नाहीत या अटीवर. तेथे सैन्याच्या घोडदळातून निवृत्त झालेले रिसालदारसाहेब शिकवीत, आणि पागेची सारी व्यवस्था एका वृद्ध साईसांकडे होती. त्यांना आम्ही सारी मुले चाचा म्हणत असू. दोन वर्षांनी माझ्या हाती एक घोडी सोपविण्यात आली. तिचे नाव रेवा. तेलकट झाक असलेल्या तांबूस रंगाची, कपाळावर लहानसा टिळा असलेली ही घोडी पूर्वी पुण्या-मुंबईच्या शर्यतींत पळत असे. शर्यतीच्या उपयोगाची राहिली नाही, म्हणून ती आमच्याकडे आली होती.

मला ज्या खेळासाठी तिला तयार करावयाचे होते, त्याला इंग्रजी नावानेच ‘इव्हेंटिंग’ म्हणतात. हा खेळ तीन चाचण्यांचा आहे आणि तो निघाला सैन्यातून. ऑलिंपिकमध्ये तो १९१२ साली स्टॉकहोम येथे प्रथम आला, तेव्हा त्यात केवळ सैन्यातील अधिकारीच उतरत. स्त्रियांना तर त्यासाठी १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकची वाट पाहावी लागली. पहिली चाचणी ‘ड्रेसाज’ची, म्हणजे शिस्तबद्ध चालींची. आखलेल्या अंगणात घोड्याने कदम, दुडकी आणि दौड या चाली वर्तुळांतून व सरळ रेषांतून डौलाने दाखवावयाच्या. प्रत्येक हालचालीस शून्य ते दहा गुण मिळतात. त्यांची टक्केवारी शंभरातून वजा केली की उरतात ते दोषांक. दुसरी चाचणी ‘क्रॉस-कंट्री’ची. उघड्या रानातून भरधाव जाताना ओंडके, चर, बांध, पाणी असे न हलणारे अडथळे ओलांडावयाचे. घोड्याने एकदा अडथळा नाकारला तर वीस दोषांक, त्याच अडथळ्यावर पुन्हा नाकारला तर चाळीस, आणि ठरावीक वेळेनंतरच्या प्रत्येक सेकंदास ०.४. तिसरी चाचणी ‘शो जंपिंग’ची, येथे अडथळ्यांच्या बल्ल्या नुसत्या ठेवलेल्या असतात आणि खूर लागून अडथळा पडला की चार दोषांक. तिन्ही दिवसांचे दोषांक मिळवून ज्याचे सर्वांत कमी, तो पहिला.

या सेकंदांचे मोल किती असते, याचे एक उदाहरण देते. टोकियोचे २०२० चे ऑलिंपिक २०२१ साली झाले. त्यात आपल्या बंगळूरचे फवाद मिर्झा यांनी ‘सेन्यूर मेडिकॉट’ या घोड्यावरून भाग घेतला. रानातील सारे अडथळे त्या घोड्याने निर्दोष पार केले, परंतु ठरलेल्या वेळेपेक्षा २८ सेकंद अधिक लागले, तेवढ्यानेच ११.२० दोषांक चढले. अखेरीस ते तेविसावे आले, आणि तरीही त्यांची कामगिरी मोठी होती, कारण या खेळप्रकारात ऑलिंपिकला उतरणारा भारतीय स्वार वीस वर्षांत कोणी झाला नव्हता. त्यापूर्वी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच घोड्यावर त्यांनी वैयक्तिक रौप्यपदक मिळविले होते. आणि १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत तर ६१ व्या घोडदळाचे दफेदार रघुबीर सिंग यांनी या खेळाचे वैयक्तिक सुवर्णपदकच जिंकले. आमचे रिसालदारसाहेब त्यांचे नाव घेताना नकळत ताठ उभे राहत.

रेवा हाती आली तेव्हा ही सारी नावे फार दूर होती. तिला एकच विद्या येत होती, ती म्हणजे पळणे. शर्यतीच्या घोड्यास लगामावर भार टाकून धावण्याची सवय असते. त्यामुळे मी थांबविण्यासाठी लगाम ओढावा आणि ती अधिकच जोराने सुटावी, असा प्रकार पहिले कित्येक दिवस चालला. रिसालदारसाहेबांनी मला लगाम ओढण्यास मनाईच केली. “हातांनी नव्हे, मांडीने आणि श्वासाने थांबव,” असे ते म्हणत. प्रथम हे मला गूढ वाटे. परंतु स्वाराची मांड स्थिर झाली, त्याने पाठ ताठ करून श्वास सोडला, की घोड्याच्या पाठीला तो बदल कळतो. अंगावर बसलेली माशी ज्या कातडीला कळते, तिला पाठीवर बसलेल्या माणसाची घालमेल कळणार नाही काय? सहा महिने आम्ही केवळ कदम आणि दुडकी या दोन चालींवर काढले. मैत्रिणी विचारीत, “उडी केव्हा मारणार?” मी म्हणे, “अजून आम्ही उभे राहावयास शिकत आहोत.”

चाचांची शाळा निराळी होती. त्यांच्याकडे पाठीवर बसण्याच्या आधी तासभर आणि उतरल्यावर तासभर काम असे. खरारा करणे, खुरांतील माती काढणे, चंदी भिजविणे, तंगाखाली कातडी घासली तर नाही ना हे पाहणे, हे सारे स्वतःच्या हातांनी करावे लागे. चारही पायांवरून रोज तळहात फिरवावयाचा, हा त्यांचा सर्वांत मोठा नियम. घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याच्या खाली स्नायू नसतो. तेथे हाड असते आणि ताणलेल्या दोरीसारख्या कंडरा असतात. उडी मारून उतरताना साऱ्या देहाचा भार क्षणभर एकाच पुढच्या पायावर येतो. तेथे काही बिघडले तर प्रथम डोळ्यांना दिसत नाही. तळहाताला किंचित ऊब लागते. “घोडी बोलती है बेटा, सुननेवाला चाहिये,” असे चाचा म्हणत, आणि माझा हात धरून त्या चार पायांवरून फिरवीत. रोज फिरविल्यामुळे रेवाचे निरोगी पाय कसे लागतात हे माझ्या हाताला पाठ झाले होते. पाढे पाठ असावेत तसे.

उड्यांना तिने फारसा त्रास दिला नाही. घोडे पेंड खाई ते पाण्यापाशी. साधे डबके दिसले तरी ती चारही पाय रोवून उभी राही. याला तिचा हट्ट म्हणणे अन्यायाचे झाले असते. घोड्याचे डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला दोन्ही अंगांचे पुष्कळ दिसते, परंतु कपाळासमोरचे आणि नाकाखालचे थोडे क्षेत्र दिसतच नाही. पाणी किती खोल आहे हे तर त्याला दुरून मुळीच कळत नाही. ज्या जागी आपण पाय ठेवणार ती जागा दिसत नसता, केवळ पाठीवरील माणसाच्या शब्दावर विसंबून त्याने उडी घ्यावी, अशी आपली अपेक्षा असते! आपल्यापैकी किती जण असा विश्वास कोणावर टाकतील? आम्ही पावसाळ्यातील उथळ डबक्यापासून आरंभ केला. पागेतील एक वृद्ध, शांत घोडा पुढे, त्याच्या मागे चाचा आणि चाचांच्या मागे रेवा. पहिल्या दिवशी तिने केवळ एक खूर भिजविला. चार महिन्यांनी ती बांधावरून थेट पाण्यात उडी घेऊ लागली. त्या दिवशी मला आनंद झाला, पण त्याबरोबर एक ओझेही वाटले. तिने माझा शब्द खरा मानला होता. तो यापुढे कधी खोटा होऊ नये ही जबाबदारी आता माझ्यावर आली होती.

माझ्या अठराव्या वर्षी हिवाळ्यात दिल्लीस कनिष्ठ गटाची तीन दिवसांची स्पर्धा होती. त्या गटात उतरण्याचे ते माझे शेवटचे वर्ष. बाबांनी रजा घेतली, आईने लाडूंचा डबा दिला, आणि चाचा रेवाबरोबर रात्रभर घोड्यांच्या गाडीतून उभ्याने प्रवास करून दिल्लीस पोहोचले. पहिल्या दिवशी चालींच्या चाचणीत आम्हांस ३४.५ दोषांक मिळाले. पूर्वी लगाम ताणताच उधळणारी घोडी त्या अंगणाच्या मध्यावर चार पाय जुळवून, कान पुढे करून, निश्चल उभी राहिली, हेच मला मोठे वाटले. दुसऱ्या दिवशी धुके उशिरा फिटले. सुमारे अडीच किलोमीटरांचा मार्ग पाच मिनिटांत पुरा करावयाचा होता. दौडीत घोड्याचा श्वास आणि टाप यांची एक गाठ असते. प्रत्येक झेपेस एक श्वास. तो आवाज ऐकत मी बसले होते. पाण्याचा अडथळा आला तेव्हा रेवाचे कान एकदा मागे वळले, मी “चल” एवढेच म्हटले, आणि ती गेली. एकही अडथळा तिने नाकारला नाही. वेळ सहा सेकंद अधिक लागली, त्याचे २.४. एकूण ३६.९ दोषांकांवर आम्ही तिसऱ्या क्रमांकावर होतो. पहिल्या दोघांचे अंतर इतके थोडे होते की, तिसऱ्या दिवशी त्यांची एकेक बल्ली पडली आणि आमची पडली नाही, तर पहिला क्रमांक आमचाच.

रात्री थंड पाण्याने पाय भिजविले, तिला हळूहळू चालविले, मगच झोपलो. तिसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीप्रमाणे हात फिरविला. डाव्या पुढच्या पायाच्या मागील बाजूस, घोट्याच्या किंचित वर, ऊब होती. फार नव्हे; बोटाच्या दोन पेरांइतक्या जागेत. मी चाचांकडे पाहिले. त्यांनीही हात ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. तिला चालविले तर चाल सरळ. दुडकीवर घेतली तेव्हा वळणावर एक पाऊल मला आखूड वाटले. बाबांना वाटले नाही.

तासाभराने पशुवैद्य आणि परीक्षक यांच्यासमोर सर्व घोड्यांची तपासणी व्हावयाची होती. तेथील जमीन मऊ होती आणि रेवाला सरळ रेषेतच दुडकावयाचे होते. ती तपासणीत उत्तीर्ण झाली असती असे रिसालदारसाहेबांनाही वाटत होते. त्यांनी ते मला स्पष्टपणे सांगितले आणि पुढे म्हणाले, “घोडी शाळेची आहे, म्हणून नको म्हणण्याचा अधिकार मला आहे. पण आज मी तो वापरणार नाही. तिच्या पाठीवर तीन वर्षे तू बसली आहेस. तुझा हात काय सांगतो ते तू सांग.”

मला त्या वेळी काय काय आठवले हे सांगितले तर ते पुस्तकी वाटेल. खरे सांगावयाचे तर, प्रथम मला आठवली ती बाबांची रजा आणि शेवटचे वर्ष. एखादे पदक मिळाले असते तर महाविद्यालयातील प्रवेशासही त्याचा उपयोग होता. मग मी रेवाकडे पाहिले. ती चंदी खात होती. तिच्या डोळ्यांत वेदना नव्हती, तक्रार नव्हती. घोडा हा मूळचा भक्ष्य होणारा प्राणी. रानात जो लंगडतो तो आधी मारला जातो, म्हणून दुखणे लपविणे हा त्याचा स्वभावच आहे. मी पाठीवर बसून “चल” म्हटले असते, तर ती गेली असती. पाण्यात गेली तशीच, मागचा-पुढचा विचार न करता. हेच मला सहन होईना. तिने नकार दिला असता तर निर्णय तिचा झाला असता. ती नकार देणार नव्हती, म्हणून तो मला द्यावा लागणार होता. मी रिसालदारसाहेबांना सांगितले, “आपण तिला तपासणीस नेऊ नये.” त्यांनी मान हलविली आणि आमचे नाव मागे घेण्यासाठी ते कचेरीकडे गेले. चाचा तोवर थंड पाण्याची बादली घेऊन आलेही होते.

त्या दिवशीची तिसरी चाचणी मी कठड्याबाहेर उभी राहून पाहिली. पहिल्या दोघांपैकी एकाची एक बल्ली पडली, दुसऱ्याच्या दोन. डोळे कोरडे राहिले असे मी म्हणणार नाही. पशुवैद्यांनी पुढे तपासून सांगितले की, कंडरेस थोडी सूज आहे आणि तीन महिने तरी पूर्ण विश्रांती हवी. त्या दिवशी उड्या घेतल्या असत्या तर ती तुटली असती का, याचे उत्तर कोणालाच देता आले नाही. कदाचित काहीच झाले नसते. ही गोष्ट मी मुद्दाम नमूद करते. कारण अनर्थ टळला हे सिद्ध झाले, की आपला निर्णय योग्य ठरला असे आपण मानतो. माझ्या निर्णयाला असा कोणताही पुरावा नाही. त्याच्या बाजूने होती ती केवळ दोन पेरांइतकी ऊब.

घरी आल्यावर एका नातेवाइकांनी विचारले, “एवढा खर्च, एवढी दगदग, आणि शेवटी रिकाम्या हाताने?” मला काही सुचेना. उत्तर आजोबांनी दिले. त्यांनी द्रोणपर्वातील प्रसंग सांगितला. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध करीन, नाही तर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. सूर्य कलू लागलेला. आणि रथाचे घोडे बाणांनी विद्ध, तहानेने व्याकुळ झालेले. तेव्हा अर्जुन रथाखाली उतरून पायी लढला, बाणाने भूमी भेदून त्याने पाणी काढले, आणि भर रणांगणात श्रीकृष्णांनी घोडे सोडून त्यांच्या अंगांतील बाण काढले, त्यांना पाणी पाजले, चोळले. “ज्याच्या प्राणाची घटका भरत आली होती, त्याला घोडे सोडावयास वेळ होता,” आजोबा म्हणाले, “आणि हिच्या पदकाला नव्हता असे म्हणावयाचे काय?” त्यावर पाहुणे हसले आणि विषय मिटला.

पुढे या खेळाचा इतिहास वाचताना एक गोष्ट ध्यानात आली, आणि तिच्यामुळेच या लेखाला हे नाव दिले आहे. तिसऱ्या दिवसाची चाचणी सर्वांत कठीण म्हणून ठेवलेली नाही. काल जो घोडा रानातून जीव तोडून धावला, तो आजही चाकरीस धडधाकट आहे काय, हे पाहण्यासाठी सैनिकांनी ती ठेवली. काल जिंकलास हे खरे. पण घोडा शिल्लक ठेवलास काय, असा तिचा प्रश्न आहे. म्हणजे बारगिराला विचारावयाचा प्रश्नच त्यांनी खेळाच्या शेवटी ठेवला आहे. त्या प्रश्नाचे उत्तर मैदानात जाऊन देता येते, तसे कधी मैदानाबाहेर राहूनही द्यावे लागते.

रेवा आता बरी आहे. मोठ्या उड्या तिला देत नाहीत. लहान मुलांना कदम आणि दुडकी शिकविण्याचे काम ती करते, आणि पावसाळ्यात डबके दिसले की सर्वांत पुढे जाते. मागून येणारी नवी घोडी तिच्याकडे पाहून पाय भिजवितात. आपल्या शाळेतील मुलामुलींपैकी काहींना हा खेळ शिकण्याची इच्छा होईलही. २०२३ साली हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक आपल्या देशाने जिंकले, त्या संघात आपल्या शेजारच्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. तेव्हा ही वाट माळव्या-ग्वाल्हेरच्या मुलींना बंद नाही. जो कोणी जाईल त्याने रिकिबीत पाय ठेवण्यापूर्वी चारही पायांवरून एकदा तळहात फिरवावा. आणि ज्यांना घोड्याजवळ जाण्याचा योग नाही त्यांनीही हे लक्षात ठेवावे की, न बोलता आपल्या शब्दावर चालणारे कोणी ना कोणी प्रत्येकाच्या घरी असतेच: धाकटे भावंड, म्हातारी आजी, दावणीची गाय. त्यांच्या वतीने ‘आज नको’ म्हणण्याची वेळ आली, तर ती आपल्या हाताला कळावी, इतकी ओळख त्या हाताला रोज करून द्यावी.